बरं केलंत, मग गप्प का बसवता?

गेल्या वर्षी तुमच्या व्यसनमुक्ती केंद्रातून किती माणसं बरी होऊन बाहेर पडली, हे तुम्ही न अडखळता सांगता. अहवालात छापलेलंच असतं. त्यांतली किती जणं आज कुठे तोंड उघडून बोलतात? ग्रामसभेत? पोलीस ठाण्यात? कारखान्याच्या साहेबापुढे? शाळेच्या पालकसभेत? हे विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघता. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "मॅडम, ते आपलं काम नाही."

मग कुणाचं आहे रे?

समाजकार्याच्या वर्गात तुम्ही माझ्यापुढे बसलात. फील्डवर्कला भर पावसात वस्त्या पालथ्या घातल्यात. तुमच्यातल्या काहींचे अहवाल मी पुढच्या वर्गांना वाचून दाखवले आहेत. तुम्ही ढ असता तर मी तोंडाची वाफ दवडली नसती. तुम्हाला सगळं कळतं. कळूनही करत नाही, म्हणून आज ऐकून घ्यायचं.

डिस्चार्जच्या दिवशी काय करता? गोळ्यांची चिठ्ठी, फॉलोअपची तारीख, घरच्यांना चार सूचना, पाठीवर थाप. फाइल बंद. गेटबाहेर त्याच्यापुढे काय वाढून ठेवलंय, याची तुम्हाला कल्पना नाही? मित्राने पेला पुढे केला तर नाही कसं म्हणायचं, याचा सराव तुम्ही त्याच्याकडून वॉर्डात करून घेता. छान करता. पण मालकापुढे उभं राहून "मला परत घ्या, मी आजारी होतो, आता बरा आहे" हे म्हणायचा सराव कुणी घेतला? भाड्याची खोली नाकारणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, हे कुणी सांगितलं? नाही म्हणायला शिकवलंत. मागायला कधी शिकवणार?

एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तुमच्या कपाटात आहे, पाहिली आहे मी. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसले ना कसले उपचार मिळाले, असं त्यात आहे. दाखल होऊन उपचार तर १८० मागे एकाला. तुमचा बरा झालेला माणूस हा त्या ३८ मधला एक. उरलेले ३७ कोण आणणार? तुमचं फ्लेक्स? तुमचं पत्रक? ते तुमच्याकडे येत नाहीत, कारण तुम्ही त्यांना परके आहात. ते ऐकतील तर त्याचंच, जो कालपर्यंत त्यांच्या शेजारी त्याच बाकावर बसून क्वार्टर फोडत होता. हे तुम्हाला मी सांगायला हवं?

"आम्ही त्यांना बोलायला लावतो की मॅडम, वर्धापनदिनाला." हेच ऐकायचं होतं मला. चला, त्या वर्धापनदिनाचंच बोलू.

दीपप्रज्वलन होतं. पाहुण्यांना शाल-श्रीफळ. मग "आता ऐकूया एका मित्राचा प्रवास" म्हणून एकाला माइकपुढे उभं करता. आदल्या दिवशी त्याला काय सांगितलेलं असतं? "मनापासून बोल, जे झालं ते सांग." झालं तुमचं प्रशिक्षण! तो बिचारा मनापासून बोलतो. बायकोचं मंगळसूत्र कसं गहाण टाकलं. पोराच्या फीचे पैसे कसे उडवले. गटाराकाठी कसा पडला होता. सभागृह हळहळतं, पाहुणे डोळे टिपतात. आणि त्याची बायको तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेली असते. तिला विचारलं होतंत? मंगळसूत्र तिचं होतं. अब्रू तिची होती. भरल्या सभेत ती मांडायची परवानगी तुम्हाला कुणी दिली? त्याचा मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत जाणार होता. पुढच्या रांगेतला एक जण मोबाइलवर सगळं टिपत होता, ते तुम्हाला दिसलं नाही? दिसलं. केंद्राची प्रसिद्धी होते, म्हणून बघून न बघितल्यासारखं केलंत.

त्याच कार्यक्रमात डॉक्टर पाहुण्यांना गाडी पाठवलीत, मानधनाचं पाकीट दिलंत. हा मात्र कामावरची हजेरी बुडवून, पदरचे पैसे घालून एसटीने आला होता. त्याला काय दिलंत? नारळ. लाज वाटायला हवी.

पडझडीची गोष्ट ऐकायला लोकांना आवडते. ती ऐकून कुणाला काही करावं लागत नाही. रडायचं, टाळ्या वाजवायच्या, चहा प्यायचा, घरी जायचं. पण त्या माणसाची खरी कमाई ती गोष्ट नाहीच. त्याला माहीत आहे की दाखल व्हायला निघालेल्या माणसाला कुठून कुठे हाकलतात. सरकारी दवाखान्यात कोणत्या खिडकीवर हिडीसफिडीस होते. शाळेच्या वाटेवरचं देशीचं दुकान पहाटे मागच्या दाराने कसं उघडतं. सोडल्यानंतर अंगाचा थरकाप थांबतो, पण मधेच एखाद्या संध्याकाळी काहीही कारण नसताना जीव कसा कासावीस होतो. हे तहसीलदाराला ठाऊक नाही, आमदाराला नाही, तुम्हालाही पुस्तकापलीकडे नाही. जो हे भोगून शिकलाय त्याच्याकडून तुम्ही फक्त गटाराकाठची हकिकत वदवून घेता. इतकं मोल असलेलं ज्ञान तुमच्या दारात येतं आणि तुम्ही ते तसंच परत पाठवता.

गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. शंभर वर्षं महाराष्ट्र दारूपायी बुडालेल्या सुधाकरासाठी आणि त्याच्या बायकोसाठी, सिंधूसाठी रडला. त्यात एक जागा आहे, ती कुणी आठवत नाही. सुधाकर दारू सोडायचं मनावर घेतो, कामासाठी भल्या-भल्यांच्या पायऱ्या चढतो आणि सगळीकडून झिडकारला जातो. मग परत प्याल्याकडे वळतो. लोकांनी प्याला लक्षात ठेवला, बंद झालेली दारं विसरले. तुमचा माणूस डिस्चार्जनंतर त्याच दारांपुढे उभा असतो. ती उघडायला लावणं, आपल्यामागून येणाऱ्यासाठी उघडी ठेवायला लावणं, हे त्याला शिकवायचं आहे. ते कामच सोडून बाकी सगळं करता तुम्ही.

आता तुमच्या सबबी.

"आपण त्याला पुढे केलं आणि तो पुन्हा प्यायला तर? केंद्राचं नाव जाईल." हे ऐकलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. हा उलटणारा आजार आहे, हे पहिल्याच बैठकीत नातेवाइकांना फळ्यावर आकृती काढून कोण समजावतं? तुम्हीच ना? मग एखादा घसरला की त्याचा फोटो भिंतीवरून कोण उतरवतं? ग्रुपमधून त्याचं नाव कोण काढतं? नातेवाइकांनी विश्वास ठेवायचा आणि तुम्ही मात्र ठेवायचा नाही?

घसरण्याची भीती खरी आहे. म्हणूनच तर तयारी लागते, आणि तयारीचा तुम्हाला कंटाळा. तुम्हाला एकच चेहरा सापडतो. चांगला बोलतो, चांगला दिसतो, त्यालाच शाळेत पाठवा, त्यालाच टीव्हीवर पाठवा, त्यालाच २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनाच्या फेरीत पुढे ठेवा. एकाच्या खांद्यावर सगळ्या केंद्राचं ओझं. तो वाकणार नाही तर काय होईल? पाच जण तयार करा, सात करा. दाखल होऊन चार महिने झालेल्याला व्यासपीठावर चढवू नका, आधी त्याचा पाय स्थिर होऊ द्या. आणि टाळ्या संपल्यावरच्या रात्रीचा कधी विचार केलाय? सभेने डोक्यावर घेतलं आणि घरी येऊन बघतो तर तीच खोली, तेच कर्ज, तीच अबोल आई. त्या रात्री त्याच्याबरोबर कोण असतं? तुम्ही खुर्च्या आवरून जेवायला गेलेले असता.

"त्याला बोलता येत नाही." काय सांगता! वाण्यापासून मुकादमापर्यंत सगळ्यांना वर्षानुवर्षं पटवून ज्याने उधारी मिळवली, त्याला बोलता येत नाही? शब्द त्याच्याकडे आहेत. अधिकाऱ्याने मधेच तोडलं तरी न डगमगता खरं आणि मुद्द्याचं बोलायची सवय नाही. ती लावायला त्याच्याबरोबर बसावं लागतं, पुन्हा पुन्हा बसावं लागतं. बसायला तुम्ही तयार नाही. मग दोष कुणाचा?

आणि ज्यांनी एएच्या चार मीटिंगा मागच्या बाकावरून बघितल्यात, ते मला परंपरा शिकवतात. "नाव सांगायचं नसतं मॅडम." नीट वाचलीत का ती परंपरा? एए म्हणजेच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात सुरू झालं. वर्तमानपत्रं, रेडिओ, चित्रपट यांच्या पातळीवर सभासदाने अनामिक राहावं, असं त्यांची अकरावी परंपरा सांगते. बाहेरच्या वादांत संघटनेने मत देऊ नये, असं दहावी सांगते. त्यांनी ते विचारपूर्वक ठरवलं, आणि त्याचा मान राखायलाच हवा. पण संघटनेचं नाव न घेता, "मी व्यसनातून सावरलोय आणि माझ्या गावाला हे हवंय" असं स्वतःच्या नावाने म्हणायला कुठे मनाई आहे? हॅरल्ड ह्यूज आयोवाचा राज्यपाल होता, पुढे सिनेटर झाला. आपण दारूतून सावरलेला माणूस आहोत, हे त्याने कधी लपवलं नाही. १९७० साली अमेरिकेत दारूच्या आजारावरच्या उपचारांचा आणि संशोधनाचा कायदा झाला, तो त्याने रेटला म्हणून. १९७६ साली वॉशिंग्टनला ५२ नामवंत एकत्र उभे राहिले आणि आपल्याला हा आजार होता, असं जगाला सांगते झाले. चंद्रावर जाऊन आलेला बझ ऑल्ड्रिन त्यांच्यात होता. अनामिकता ही त्या माणसाची ढाल आहे. तुम्ही तिच्याआड लपता, ते कशासाठी?

नाव सांगायचं की झाकायचं, हे त्याने ठरवायचं. त्याने एकट्याने नाही, घरच्यांना विचारून. ज्याची नोकरी जाईल, ज्याच्या मुलीची सोयरीक चाललीय, त्याला माइकपुढे ओढलंत तर गाठ माझ्याशी आहे. पण चेहरा न दाखवता करायची कामं थोडी आहेत का? अर्ज लिहिणं आहे. माहिती अधिकारात विचारणं आहे. आज दाखल झालेल्याच्या भेदरलेल्या भावाशी फोनवर बोलणं आहे. हे पर्याय त्याच्यापुढे कधी मांडलेत? तुम्ही त्याच्या वतीने परस्पर ठरवून मोकळे होता, "त्याला नाही जमणार." दारूने त्याचे निर्णय हिरावले होते. आता तुम्ही हिरावता.

खरं कारण सांगू? तुम्हाला ऐकवणार नाही, पण ऐका. तो बोलायला शिकला तर तुमच्याबद्दलही बोलेल. फसवून आणलेल्या माणसाचं म्हणणं कुणी लिहून घेतलं का? रात्री कुणाला बांधून ठेवलं होतं? वॉर्डबॉयने हात उचलला तेव्हा समुपदेशक कुठे होते? त्याने हे सगळं पाहिलंय. आपल्या क्षेत्रात मारझोड करणारी केंद्रं आहेत, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता आणि चहाच्या टपरीवर दबक्या आवाजात बोलताही. मग बाहेर का बोलत नाही? तुमचं केंद्र स्वच्छ असेल तर घाबरता कशाला? आणि स्वच्छ नसेल, तर बोलणाऱ्या माणसाची सगळ्यांत जास्त गरज तुम्हालाच आहे.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तुम्ही परीक्षेपुरता वाचलात. परत काढा. त्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थितीही येतात. रुग्णाला साखळीने बांधायला कलम ९५ सरळ बंदी घालतं. तक्रार करायचा हक्क त्यात आहे, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखीच वागणूक द्यावी, हे कलम २१ मध्ये लिहिलंय. आणि कलम ४६ बघा. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर स्वतः आजार भोगलेल्यांचे दोन प्रतिनिधी असले पाहिजेत. काळजीवाहकांचे आणखी दोन. कायद्याने खुर्ची मांडून ठेवलीय! तुमच्यापैकी कुणी तिच्यासाठी एक तरी माणूस तयार केला? हे कलम कुणी आपल्या फॉलोअपच्या गटात मोठ्याने वाचून तरी दाखवलं?

अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात ६४-अ हे कलम आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला आणि ते त्याने घेतले, तर त्याच्यावर खटला चालवता येत नाही. किती आयांना हे ठाऊक आहे? वीस वर्षांचं पोर पकडलं गेल्यावर ती माउली वकिलाच्या दारात दागिने घेऊन उभी असते. तिच्याशेजारी तुमचा बरा झालेला माणूस उभा असायला हवा होता.

महाराष्ट्रात बायकांनी गावोगावी उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान लढवून दुकानं बंद पाडली. धमक्या खाल्ल्या, कोर्टाच्या खेपा घातल्या. त्या गावांतले बरे झालेले बाप्ये कुठे होते? चंद्रपूरला २०१५ मध्ये दारूबंदी आली, २०२१ मध्ये उठली. बंदी हवी म्हणणारे बोलले, नको म्हणणारे बोलले, महसुलाचे आकडे बोलले. दुकान बंद झाल्यावर पिणाऱ्याचं नेमकं काय होतं, तो सोडतो की चोरीची शोधतो, उपचार जवळ असते तर काय झालं असतं, हे अनुभवाने सांगू शकणारे लोक तुमच्या रजिस्टरात होते. त्यांना तुम्ही विचारलंत? त्यांच्यात मतभेद असतील. असू देत की! त्यांनी तुमच्याच मताची री ओढावी असा काही करार आहे का?

आणि बाई व्यसनी असते तेव्हा? तिच्याबद्दल तर तुम्ही शब्दच काढत नाही. तिला नवरा सोडून जातो, सासर दार लावतं, आणि आपल्याकडे तिच्यासाठी खाटा किती, हे विचारणारं कुणी नाही. ती स्वतः विचारील. जिथे हे ठरतं त्या खोलीपर्यंत तिला नेऊन तर बघा.

हे होत नाही असं मला सांगू नका. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या विळख्यात अडकलेल्या पोरांविषयी अनिल अवचटांनी लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि डॉ. अनिता अवचटांनी केंद्र उभारलं. तिथे बरी झालेली माणसंच पुढे कार्यकर्ते झाली. काल जो खाटेवर तडफडत होता, तो आज नव्याने आलेल्याच्या उशाशी बसतो. तुम्ही सगळे तिथे भेट देऊन आलात, फोटो काढलेत, भारावून गेलात. परत येऊन काय केलंत? फोटो लावलेत.

आता काय करायचं ते लिहून घ्या. वहीत, मोबाइलवर नको.

फॉलोअपला येणाऱ्यांतून सावरून निदान वर्ष उलटलेले लोक निवडा. बोलके निवडू नका, टिकलेले निवडा. प्रत्येकाशी एकट्याने बसा. "तुला कुणाशी काय बोलावंसं वाटतं?" एवढं विचारा आणि मग तोंड बंद ठेवा. कुणी म्हणेल मालकाशी, कुणी म्हणेल मुलाच्या शाळेत, कुणी म्हणेल त्या पोलिसाशी ज्याने मला लाथ मारली होती. तिथूनच सुरुवात करायची. तुमच्या वार्षिक आराखड्यातून नाही.

काय सांगायचं नाही, ते आधी ठरवा. बायकोची, आईची, पोरांची गोष्ट त्यांच्या परवानगीशिवाय बाहेर जायची नाही. मग तीन मिनिटांत बोलायला शिकवा: मला काय झालं, मला कशाने मदत झाली, आणि तुमच्याकडून मला काय हवंय. पहिल्या भागाला अर्धं मिनिट, जास्त नको. तिसरा भाग नसेल तर त्याला खाली बसवा आणि परत उभं करा. मागणी ठोस असली पाहिजे. "समाजाने दृष्टिकोन बदलावा" ही मागणी नव्हे. "तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस मानसोपचारतज्ज्ञ बसावा" ही मागणी आहे.

तुम्ही तहसीलदार व्हा. त्याला मधेच तोडा, घड्याळात बघा, "पुढच्या आठवड्यात या" म्हणा. तो चिडला तर चिडू द्या, आणि चिडून परत मुद्द्यावर कसं यायचं ते दाखवा. अर्जाची पोच घ्यायला शिकवा. स्वतःला बेवडा, गर्दुल्ला म्हणायचं की आजारातून उठलेला माणूस म्हणायचं, हे त्याचं त्याला ठरवू द्या, पण तुमच्या तोंडून पहिले दोन शब्द पुन्हा ऐकू आले तर बघा.

तो जाईल तिथे पहिल्या काही वेळा सोबत जा आणि मागे बसा. बोलायचं त्याने. उत्तर अडलं तरी तुम्ही उठायचं नाही. बाहेर आल्यावर त्याच्याबरोबर जेवा, घरी सोडा, दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा. आणि एखाद्या दिवशी तो घसरलाच, तर चर्चा करायला तुमची कमिटी बसायच्या आधी त्याच्या दारात तुमची चप्पल दिसली पाहिजे. त्याची जागा राखून ठेवा. सावरला की तो परत येईल, आणि त्याला परत यायला जागा आहे हे बाकीच्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असेल.

पुढच्या महिन्यात मी येणार आहे. अहवाल दाखवू नका, माणसं भेटवा. आणि भेटायला बोलवाल त्यांचा प्रवासखर्च आणि बुडालेली हजेरी आधी हातावर ठेवा.